नशिबाच्या नावावर खपवलेली इजा

बाळ जन्माला येतं, पण रडत नाही. अंग निळसर, हातपाय लोंबलेले. कुणी पाठ चोळतं, कुणी पायाला धरून उलटं करतं, मग कुणीतरी बाळ उचलून नवजात कक्षाकडे धावतं. दुसऱ्या दिवशी झटके येतात. दहा-पंधरा दिवसांनी घरी सोडतात तेव्हा बाळ नीट ओढून पीत नसतं. वर्ष उलटतं तरी मान सावरत नाही. या सगळ्या काळात आईबाप एकच प्रश्न विचारत असतात: हे कशानं झालं? त्यांना मिळणारी उत्तरं ठरलेली आहेत. बाळ उशिरा रडलं. गळ्याला नाळेचा वेढा होता. आईनं जोर केला नाही. आणि सरतेशेवटी, देवाची मर्जी.

या उत्तरांचा प्रतिवाद करण्यासाठी हा लेख आहे. जोडीला आणखी तीन उत्तरांचाही, जी प्रसूतिगृहाबाहेरच्या बाकावर ऐकू येत नाहीत, पण परिषदांत, सरकारी बैठकांत आणि डॉक्टरांच्या खासगी गप्पांत हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, या इजेचं मूळ बहुधा गर्भातच असतं, प्रसूतीशी त्याचा संबंध जोडणं अशास्त्रीय आहे. दुसरं, आपल्याकडे महागडी यंत्रं नाहीत, ती आली की प्रश्न सुटेल. तिसरं, अशा घटनांची चौकशी सुरू केली तर खेड्यात प्रसूती करायला डॉक्टरच उरणार नाही. या सगळ्या युक्तिवादांचा परिणाम एकच होतो: घटनेमागचं कारण शोधलं जात नाही. माझं म्हणणं असं की पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मताना प्राणवायू कमी पडून मेंदूला होणारी इजा पुष्कळ वेळा टाळता येते, ती टाळण्याचे मार्ग माहीत आहेत, ते स्वस्त आहेत, आणि ते वापरले गेले की नाही याचा जाब प्रत्येक घटनेगणिक द्यायला व्यवस्था बांधलेली असली पाहिजे.

आधी आईवर येणारा ठपका पाहू, कारण तो सर्वांत क्रूर आहे. बाळंतपणात प्रत्येक कळेला गर्भाशय आवळतं आणि वारेकडे जाणारं रक्त तेवढ्यापुरतं मंदावतं. निरोगी बाळ हे सोसतं, कारण दोन कळांच्या मधल्या विसाव्यात त्याला पुन्हा पुरेसा प्राणवायू मिळतो. हा विसावाच हिरावला गेला की बाळाची गंगाजळी संपत जाते. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा येऊ लागणं ही म्हणूनच धोक्याची खूण मानली जाते. अशा अतिरेकी कळांमागचं एक ठळक कारण म्हणजे बेहिशेबी दिलेलं ऑक्सिटोसिन. सलाइनमधून थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत ऐकत द्यायचं हे औषध बाळंतपण लवकर उरकावं म्हणून सरळ स्नायूत टोचण्याची पद्धत देशाच्या अनेक भागांत अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहे. एकदा टोचलेलं इंजेक्शन परत काढून घेता येत नाही. त्या बाईच्या कळा तिच्या हातात नसतात, तो डोसही तिच्या हातात नसतो. थकलेल्या बाईचा जोर कमी पडून बाळंतपण लांबतं, हे खरं. पण लांबलेलं बाळंतपण वेळेत ओळखणं, चिमटा, व्हॅक्यूम की सिझर हे ठरवणं, नाहीतर तिला वेळेत पुढे पाठवणं, हे काम तिचं नव्हे. बारा-बारा तास कळा सोसलेल्या बाईला घरी आल्यावर सासरच्यांकडून ‘तुझ्यामुळे’ हे ऐकावं लागतं, आणि तो शब्द पुष्कळदा दवाखान्यातूनच घरी आलेला असतो.

नाळेच्या वेढ्याचंही तेच. दर चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती नाळ असते आणि त्यांतली बहुसंख्य बाळं ठणठणीत जन्मतात. नुसता वेढा होता एवढं सांगून काहीच सिद्ध होत नाही. वेढ्यामुळे ठोके घसरत होते का, ते कुणी ऐकले का आणि ऐकल्यावर काय केलं, हा खरा प्रश्न. ‘उशिरा रडलं’ या उत्तरात तर कारण आणि परिणाम यांची उलटापालट आहे. बाळ रडलं नाही म्हणून गुदमरलं, असं पुष्कळदा नसतं. ते आधीच गुदमरलेलं होतं म्हणून रडू शकलं नाही. म्हणजे शोध जन्मानंतरच्या मिनिटापाशी थांबवायचा नसतो. तो आधीच्या दोन, चार, सहा तासांत न्यावा लागतो.

देवाच्या मर्जीबद्दल एवढंच म्हणेन: काही घटना सर्वोत्तम रुग्णालयातही हातातून निसटतात. नाळ अचानक खाली सरकते, वार अवेळी सुटते, गर्भाशय फाटतं. तिथे मिनिटांचा खेळ असतो आणि कुशल माणसंही हरतात. पण तसं घडलं की नाही, हे पुरावा पाहून ठरवायचं असतं. एकही नोंद न पाहता प्रत्येक घटना या रकान्यात ढकलणं म्हणजे श्रद्धेच्या आडून जबाबदारी टाळणं आहे.

आता शास्त्राचं नाव घेऊन येणारा आक्षेप. तो वजनदार आहे आणि त्याला तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं पाहिजे. १८६१ साली लंडनमधले शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी अवघड प्रसूती, जन्मताना गुदमरणं आणि पुढे मुलांच्या अंगात येणारा ताठरपणा यांचा संबंध मांडला. पुढची कित्येक दशकं सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे येणारं हालचालींचं अपंगत्व) म्हणजे प्रसूतीतली इजा हे समीकरण प्रचलित होतं. सिग्मंड फ्रॉइड मनोविश्लेषणाकडे वळण्याआधी मज्जाविकारतज्ज्ञ होते. त्यांनी १८९७च्या आपल्या ग्रंथात या समीकरणावर शंका घेतली. अवघड प्रसूती हेच कदाचित गर्भात आधी घडलेल्या बिघाडाचं लक्षण असेल, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी, १९८६मध्ये, अमेरिकेतल्या कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी सुमारे ५४,००० गरोदरपणांच्या माहितीचा कस लावला आणि दाखवून दिलं की प्रसूतीतल्या घटनांचा हिशेब धरल्यावर सेरेब्रल पाल्सीचा अंदाज फारसा सुधारत नाही. ‘बहुतेक सेरेब्रल पाल्सी जन्मावेळची नसते’ हे वाक्य तिथून वैद्यकात रुजलं, आणि न्यायालयांतल्या बचावातही.

हे संशोधन मी नाकारत नाही. मी नाकारतो तो त्यातून काढलेला सोयीचा निष्कर्ष. सेरेब्रल पाल्सीच्या एकूण मुलांत अकाली जन्मलेली, गर्भात जंतुसंसर्ग झालेली, मेंदूची घडणच वेगळी असलेली, जनुकीय दोष असलेली अशी अनेक मुलं येतात. त्या सगळ्यांचा एकत्र हिशेब मांडला तर प्रसूतीचा वाटा लहान दिसणारच. पण आपण बोलतो आहोत ते पूर्ण दिवस भरलेल्या, कळा सुरू होईपर्यंत ठोके चांगले असलेल्या आणि जन्मताच निपचित पडलेल्या बाळाबद्दल. पहिल्या काही तासांतच त्याची शुद्ध हरपते, झटके येतात, मूत्रपिंड आणि यकृत मंदावतात. डिस्चार्ज कार्डावर ‘बर्थ अस्फिक्सिया’ किंवा ‘एचआयई’ (प्राणवायूअभावी मेंदूची बाधा) असं लिहिलं जातं ते या बाळांच्या. त्यांच्या बाबतीत सगळ्या सेरेब्रल पाल्सीची सरासरी पुढे करणं म्हणजे एका रुग्णाच्या तपासणीऐवजी गावाची शिरगणती दाखवण्यासारखं आहे.

दुसरं असं की तो अभ्यास अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांत नावं नोंदवलेल्या बायकांचा होता. जिथे रात्रपाळीला एकच सिस्टर आणि कळा देणाऱ्या तीन-चार बायका असतात, तिथे तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार २०१० या एका वर्षात प्रसूतीतल्या घटनांशी निगडित अशी मेंदूची बाधा सुमारे साडेअकरा लाख नवजात बाळांना झाली, आणि त्यांतली ९६ टक्के बाळं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत जन्मली होती. नशीब किंवा जनुकं देशाची कमाई पाहून वागत नाहीत. इतका मोठा फरक मुख्यतः बाळंतपणाच्या देखभालीतून येतो.

श्रीमंत देशातही हे चित्र काय आहे, ते ब्रिटनच्या स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं स्वतःच तपासलं. ‘इच बेबी काउंट्स’ या त्यांच्या उपक्रमात २०१५ साली प्रसूतीदरम्यान किंवा लगेच नंतर दगावलेल्या वा मेंदूला गंभीर इजा झालेल्या पूर्ण दिवसांच्या १,१३६ बाळांची नोंद झाली. ७२७ बाळांच्या बाबतीत निष्कर्ष काढण्याइतकी माहिती हाती होती. त्यांतल्या ७६ टक्के बाळांबद्दल परीक्षकांचं मत पडलं की वेगळी देखभाल मिळाली असती तर परिणामही वेगळा होऊ शकला असता. हा निकाल संतापलेल्या नातेवाइकांनी दिलेला नाही, प्रसूतितज्ज्ञांच्याच संस्थेनं दिला आहे. बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढणारं सीटीजी यंत्र जिथे सर्रास वापरलं जातं, असा तो देश. तिथे चारांतल्या तीन बाळांबद्दल असं म्हणता येतं, तर आपल्याकडे ‘काहीच करता आलं नसतं’ हे वाक्य कुठल्या आधारावर उच्चारलं जातं?

इजा केव्हा झाली, हे ठरवण्याची साधनंही आहेत. जन्मताच नाळेतल्या रक्ताची आम्लता तपासता येते. पहिल्या आठवड्यात केलेल्या एमआरआयवर इजेचा नमुना दिसतो: प्राणवायू एकदम तुटला असेल तर मेंदूच्या गाभ्यातल्या केंद्रांवर घाव दिसतो, तासन्‌तास थोडा थोडा कमी पडला असेल तर घाव कडेच्या भागात आणि पांढऱ्या द्रव्यात असतो. पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला बाळाची अवस्था मोजणारा अपगार गुणांक, प्रसूतीतल्या ठोक्यांची नोंद, इतर अवयवांची अवस्था, हे सगळं एकत्र ठेवून निदान करावं, असं अमेरिकेतल्या प्रसूती आणि बालरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ साली मिळून सांगितलं. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५०च्या दशकात दिलेला गुणांक एकटा पुरेसा नाही, हेही त्यात आलं. तेव्हा ‘ही इजा प्रसूतीतली नाही’ असं ज्यांना म्हणायचं आहे त्यांनी जरूर म्हणावं, पण या नोंदी समोर ठेवून म्हणावं. नोंदच केलेली नाही आणि तरीही प्रसूती निर्दोष होती असा दावा करायचा, याला शास्त्र म्हणत नाहीत.

यंत्रांचा युक्तिवाद याहून लोकप्रिय आहे, कारण त्यात सगळ्यांची सोय आहे. राजकारण्याला उद्घाटन मिळतं, पुरवठादाराला कंत्राट मिळतं आणि आरोग्य खात्याला निधी नव्हता हे कारण मिळतं. पण यंत्रांचा इतिहास काय सांगतो? बाळाच्या ठोक्यांचा अखंड आलेख काढणारं यंत्र १९७०च्या दशकात पाश्चात्त्य प्रसूतिगृहांत पसरलं, तेव्हा सेरेब्रल पाल्सी आता निम्म्यावर येईल अशी आशा होती. १९८५ साली डब्लिनमधल्या सुमारे १३,००० बायकांवरच्या चाचणीचा निकाल आला. कानानं नियमित ठोके ऐकण्याच्या तुलनेत यंत्रामुळे नवजात बाळांचे झटके निम्मे झाले, पण चार वर्षांनी पाहिलं तर सेरेब्रल पाल्सीत फरक नव्हता. नंतरच्या चाचण्या एकत्र केल्यावरही हेच दिसलं, आणि सिझरचं प्रमाण मात्र वाढलेलं आढळलं. इथे तुलना ‘यंत्र की काहीच नाही’ अशी नव्हती, ‘यंत्र की इमानेइतबारे ऐकणारा कान’ अशी होती. तो कान आपल्याकडे आहे का, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

सिझरचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के प्रसूती सिझरनं झाल्याचं आढळलं. महाराष्ट्रात सगळ्या प्रसूती धरून हे प्रमाण २५.४ टक्के होतं. जिथे गरज नाही तिथे पोट फाडलं जातं, आणि जिथे अर्ध्या तासात सिझर व्हायला हवं तिथे भूलतज्ज्ञ नसतो. सिझरची टक्केवारी वाढल्यानं हे बाळ वाचत नाही. ते वाचतं ज्या बाईला गरज आहे तिला गरजेच्या वेळी मिळालेल्या सिझरनं.

सगळ्यात मोहक यंत्र म्हणजे शीतोपचाराचं. गुदमरलेल्या बाळाच्या मेंदूतल्या पेशी सगळ्या एकदम मरत नाहीत. पहिल्या धक्क्यानंतर काही तासांची उसंत मिळते आणि मग पेशीमृत्यूची दुसरी लाट येते. सहा तासांच्या आत बाळाचं तापमान ३३.५ अंशांपर्यंत उतरवून ७२ तास तिथेच ठेवलं तर ही लाट अडवता येते, हे २००५ साली सीता शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवलं. मृत्यू किंवा मध्यम ते तीव्र अपंगत्व यांचं प्रमाण ६२ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आलं. नवजात वैद्यकातली ही मोठी झेप आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण हाच उपचार आपल्याकडे काय करतो, हे तपासायला सुधीन थय्यिल यांच्या नेतृत्वाखाली भारत, श्रीलंका आणि बांगलादेश इथल्या सात मोठ्या रुग्णालयांत ‘हेलिक्स’ चाचणी झाली. ४०८ बाळं. २०२१ साली निकाल आला: शीतोपचार मिळालेल्यांत मृत्यू किंवा अपंगत्वाचं प्रमाण ५० टक्के, न मिळालेल्यांत ४७ टक्के, म्हणजे फायदा नाही. नुसते मृत्यू पाहिले तर ४२ टक्के विरुद्ध ३१ टक्के. गार केलेली बाळं जास्त दगावली.

या निकालाच्या अर्थावर आपल्या नवजात तज्ज्ञांत अजून वाद आहे आणि तो चालू राहावा. पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट दिसते. या बाळांतल्या पुष्कळांच्या मेंदूत घाव पांढऱ्या द्रव्यात होता आणि झटके फार लवकर सुरू झाले होते. म्हणजे जन्माच्या क्षणी घड्याळ सुरू झालं, हे गृहीतकच त्यांच्या बाबतीत कच्चं होतं. ती आईच्या पोटात आधीपासून गुदमरत होती आणि ते कुणाला कळलं नव्हतं. सहा तासांची संधी प्रसूतिगृहातच खर्च झालेली असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी वाट पाहत असलेलं यंत्र ती परत आणू शकत नाही.

मग काय चालतं? ते दाखवून देणारा प्रयोग याच महाराष्ट्रात झाला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९०च्या दशकात गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. प्रसूती घरातच होत. या आरोग्यदूत बायका कळांच्या वेळी हजर राहत, बाळ पुसून कोरडं करत, श्वास घेत नसेल तर सुरुवातीला ट्यूब-मास्कनं आणि पुढे बॅग-मास्कनं श्वास देत. तीव्र गुदमरलेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलं. गुदमरण्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर ६५ टक्क्यांनी घटला. मातीच्या घरात, कंदिलाच्या उजेडात, पदवी नसलेल्या हातांनी हे केलं. यानंतरही पक्क्या इमारतीतल्या, पदवीधर माणसांच्या प्रसूतिगृहानं ‘साधनं नाहीत’ म्हणावं, हे मला मान्य नाही.

टांझानियातल्या आठ रुग्णालयांतही सुइणींना याच साध्या कृती शिकवल्यावर पहिल्या दिवसातले मृत्यू ४७ टक्क्यांनी कमी झाले. ऑक्सिजनच्या सिलिंडरचीही सबब चालत नाही. दिल्लीचे डॉ. सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे ओला सॉगस्टाड यांनी १९९०च्या दशकातच दाखवलं होतं की गुदमरलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळाला साध्या हवेनं श्वास दिला तरी ते तितकंच चांगलं सावरतं. २०१०पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकाही साध्या हवेनंच सुरुवात करायला सांगतात. लागतं ते एवढंच: खोलीतली हवा, एक छोटी अँबू बॅग, बाळाच्या तोंडानाकावर घट्ट बसणारा मास्क आणि पहिल्या मिनिटात न डगमगता छाती वर उचलली जाईपर्यंत श्वास देणारा माणूस. दर दहा बाळांतल्या एकाला श्वास सुरू करायला काही ना काही मदत लागते. बहुतेकांना पुसणं आणि चोळणं पुरतं, काहींना बॅग-मास्क लागतो, आणि नळी घालणं, औषधं देणं इथवर जाण्याची गरज शंभरांत एकालाही पडत नाही.

ही अँबू बॅग आपल्याकडे नाही असंही नाही. २००९ सालापासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात हेच शिकवलं जातं. प्रत्येक प्रसूतिस्थळी नवजात कोपरा असावा, वॉर्मर असावा, बॅग-मास्क असावा, हा दंडक आहे. २०१७मध्ये प्रसूतिगृहांच्या दर्जासाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला. अडचण अशी की हे कौशल्य प्रमाणपत्रात टिकत नाही, हातात टिकतं. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि वर्षभर बाहुलीवर सराव झाला नाही, तर खऱ्या बाळासमोर हात अडखळतो. मास्क कपाटात, कपाटाची चावी घरी गेलेल्या सिस्टरकडे, बॅगेची झडप हरवलेली: इजा होते ती अशा बारीकसारीक ठिकाणी. आणि त्याच्याही आधी, जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितल्याप्रमाणे कळा जोरात सुरू झाल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी आणि बाळ बाहेर यायच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी, किमान एक मिनिटभर ठोके ऐकायचे असतात. कळा देणाऱ्या चार बायकांमागे एक सिस्टर असेल तर हे गणितच जुळत नाही. मग पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता, प्रसूती झाल्यावर एका बैठकीत भरला जातो. ही त्या सिस्टरची लबाडी म्हणून सोडून देता येणार नाही. तिला त्या जागी एकटं ठेवणाऱ्यांनी आधी उत्तर द्यावं.

गेल्या दोनेक दशकांत आपण बायकांना दवाखान्यात आणलं. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, २०११ साली मोफत सेवेचा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. देशात दवाखान्यातल्या प्रसूती २००५-०६च्या पाहणीत ३८.७ टक्के होत्या, त्या २०१९-२१च्या पाहणीत ८८.६ टक्के झाल्या. महाराष्ट्रात ९४.७ टक्के. याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. पूर्वी म्हणता येत होतं की बाई वेळेत आली नाही, अडाणी सुईण होती, रस्ता नव्हता. आता शंभरांतल्या पंचाण्णव बायका आपल्या दारात येऊन बाळंत होतात. दारात आलेल्या बाईच्या बाळाची जबाबदारी दाराच्या आत असलेल्यांची आहे.

उरला चौकशीच्या भीतीचा मुद्दा. ‘असं करायला लागलात तर प्रसूती कोण घेईल? आधीच नातेवाईक तोडफोड करतात.’ डॉक्टरांवर हात उचलणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१०पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे आणि त्याची अंमलबजावणी कडक व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण हिंसा कशातून उसळते, तेही पाहा. प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कागद दाखवले जात नाहीत, डॉक्टर समोर येत नाहीत, आणि मग बाहेर जमलेल्यांना कुणीतरी भडकवतं. चौकशीमुळे डॉक्टर असुरक्षित होतो हे खरं नाही. प्रामाणिक चौकशी नसल्यामुळे चांगल्या डॉक्टरलाही वाईट डॉक्टरच्याच रांगेत उभं राहावं लागतं.

यावर तोडगाही जगात आहे. जपानमध्ये प्रसूतितज्ज्ञांवरचे खटले आणि प्रसूतिसेवेतली गळती वाढल्यावर जानेवारी २००९पासून एक योजना सुरू झाली. प्रसूतीशी निगडित तीव्र सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलाच्या कुटुंबाला, कुणाची चूक होती हे सिद्ध करण्याची अट न घालता, तीन कोटी येनची भरपाई मिळते. त्याच वेळी तज्ज्ञांची समिती प्रत्येक घटनेचा कारणशोध घेते. अहवाल कुटुंबालाही मिळतो आणि रुग्णालयालाही. सारांश प्रसिद्ध होतो, म्हणजे इतर प्रसूतिगृहं त्यातून शिकतात. भरपाई आणि शिक्षा यांची गाठ सोडवली की खरं बोलणं सोपं होतं. आपल्याकडे आईबापांना भरपाई हवी असेल तर ग्राहक न्यायालयात दहा-पंधरा वर्षं लढून निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. म्हणून डॉक्टर तोंड उघडत नाहीत, आणि म्हणून तीच चूक पुढच्या पाळीत पुन्हा होते.

आपल्या व्यवस्थेत एक मोठी फट आहे. माता दगावली तर मृत्यूचा आढावा घ्यायचा नियम आहे. बाळ दगावलं तर बालमृत्यू आढाव्याच्या मार्गदर्शक सूचना २०१४पासून आहेत. हे आढावे कितपत मनापासून होतात, हा वेगळा विषय. पण त्यांचा दंडक मृत्यूपुरता आहे. जे बाळ गुदमरलं, झटके येऊनही वाचलं आणि आयुष्यभराचं अपंगत्व घेऊन घरी गेलं, ते सरकारी कागदावर यशस्वी रुग्ण असतं: भरती, उपचार, घरी रवाना. बालमृत्यूदराच्या आलेखात ते दिसत नाही. नवजात कक्षानं कार्डावर लिहिलेलं निदान मागे वळून प्रसूतिगृहाच्या दारापर्यंत जातच नाही. बाळं वाचवण्यात आपण जसजसे पुढे जाऊ, तसतशी ही न मोजलेली मुलं वाढण्याचा धोका आहे.

या मुलांच्या आईबापांना पुढे जे ऐकवलं जातं, त्याचाही निषेध केला पाहिजे. ‘होईल हळूहळू, याचा बापसुद्धा उशिरा चालला होता.’ धीर देण्यासाठी म्हटलेल्या या वाक्यानं महत्त्वाचे महिने वाया जातात. जन्मताना गुदमरलेल्या बाळाच्या हालचालींची नीट तपासणी केली तर सेरेब्रल पाल्सीचा धोका पाच-सहा महिन्यांच्या आतही ओळखता येतो, आणि उपचार जितके लवकर तितका मेंदू घडवून घेता येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं त्याचसाठी आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी आहे. नवजात कक्षातून सुटताना प्रत्येक अशा बाळाला या केंद्राची तारीख हातात मिळालीच पाहिजे, ‘काही वाटलं तर या’ हे पुरेसं नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. पूर्ण दिवसांचं जे बाळ जन्मताच गुदमरून नवजात कक्षात जाईल, त्याच्या प्रसूतीचा आढावा एका महिन्यात, त्या रुग्णालयाबाहेरच्या प्रसूती आणि बालरोग तज्ज्ञांनी घ्यावा. सरकारी आणि खासगी, दोन्हीकडे. अहवालाची प्रत आईबापांना मराठीत मिळावी. जिथे जिथे प्रसूती होते तिथे दर महिन्याला बॅग-मास्कचा सराव व्हावा आणि त्याची नोंद भिंतीवर लागावी. कळा देणाऱ्या बायका आणि सिस्टर यांचं प्रमाण ठरवून ते पाळलं जावं. आणि महाराष्ट्र सरकारनं जपानसारख्या, दोष सिद्ध करण्याची अट नसलेल्या भरपाई योजनेचा मसुदा मांडावा.

वाचकांनीही एवढं करावं. तुमच्या घरात असं बाळ असेल तर प्रसूतीच्या सगळ्या नोंदींची प्रत लेखी मागा. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. घरात असं बाळ नसेल तरी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीला आणि ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा: इथे बाळाचे ठोके किती वेळानं ऐकले जातात, आणि बॅग-मास्कचा शेवटचा सराव कधी झाला? आणि ज्या आईला तिच्या बाळाच्या अपंगत्वाचा दोष दिला जातो आहे, तिला सांगा की दोष तिचा नाही. हे तिला डॉक्टरांनी सांगायला हवं होतं. त्यांनी सांगितलं नसेल, तर तुम्ही सांगा.